मलियातली चार कार्टी

‘द इनबिटवीनर्स मूव्ही’ हा ब्रिटिश विनोदी सिनेमा आईने मुलाशेजारी बसून पाहायचा नाही. हे मी सांगायला नको, पहिल्या पाच मिनिटांत सिनेमाच सांगून टाकतो. मी तो एकटीने पाहिला, पुढ्यात इस्त्रीचे कपडे घेऊन, आणि नवऱ्याच्या एका चांगल्या शर्टाची कॉलर त्या हसण्यात जळता जळता वाचली.

पाहायचं कारण घरातलंच. आमच्या चिरंजीवांची ए-लेव्हल, म्हणजे इथली, इंग्लंडातली बारावी, यंदा संपली. परीक्षा जूनअखेर आटोपते आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी लागतो. मधल्या आठवड्यांत इथली अठरा वर्षांची पोरं आयुष्यात पहिल्यांदा आईबापाशिवाय परदेशी जातात. ठिकाणं वर्षानुवर्षं तीच. मायोर्कातलं मागालुफ, ग्रीसमधली मलिया, झान्ते, कावोस, सायप्रसचं आयिया नापा. स्वस्त विमान, त्याहून स्वस्त खोली आणि सगळ्यात स्वस्त दारू. चिरंजीवांनी जेवताना, मान वर न करता, मलियाचं नाव घेतलं. मुंज आणि लग्न यांच्या मधला हा ब्रिटिशांचा एक संस्कारच आहे म्हणा. तो टाळायला मी कोण?

ही बातमी इचलकरंजीला पोचली तसा नणंदेचा फोन आला. “वहिनी, पोरं एकटीच जाणार? जेवायचं काय करतील तिथं?” म्हटलं, ताई, जेवण ही सगळ्यात शेवटची काळजी आहे.

मी लंडनमध्ये हॅरोच्या बाजूला राहते आणि एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. जुलै लागला की ही मंडळी काउंटरवर दिसायला लागतात. येतात ती घोळक्याने. एक जण बोलतो, दोघं व्हिटॅमिनच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं मन लावून वाचतात आणि चौथा दाराशीच उभा असतो, आपण यांच्यातले नाहीच अशा थाटात. सनक्रीम घेतात ती सगळ्यात स्वस्त आणि चौघांत मिळून एक. मग जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, डोकेदुखीच्या गोळ्या. कंडोमचं पाकीट घ्यायचं असलं की त्यावर लिप बाम, लिप बामवर च्युइंग गम, च्युइंग गमवर खोकल्याच्या गोळ्या असा ढीग रचून आणतात आणि तो माझ्यापुढे ठेवताना नजर माझ्या डोक्यावरच्या घड्याळावर. मी चेहरा कोरा ठेवून बिल करते. त्यातला एखादा चिरंजीवांच्या वर्गातला निघतो, सवयीने “थँक यू, आंटी” म्हणतो आणि कानापर्यंत लाल होतो. बाहेर पडल्यावर काचेतून दिसतं, बाकीचे तिघं त्याला बडवतायत. ‘इनबिटवीनर्स’ ज्यांनी लिहिला त्यांनी ही पोरं काचेच्या याच बाजूने पाहिली असणार.

लिहिला डेमन बीस्ली आणि इयन मॉरिस या दोघांनी. आधी ई-फोर चॅनेलवर मालिका होती, २००८ ते २०१०, एकूण अठरा भाग. एका सरकारी शाळेतले चार मित्र. विल हा खासगी शाळेतून इथे येऊन पडलेला, ब्लेझर आणि ब्रीफकेस घेऊन वर्गात शिरतो आणि पहिल्याच दिवशी त्याचं जे नाव पडतं ते मला इथे छापता येणार नाही. सायमन हा कार्ली नावाच्या मुलीपायी लहानपणापासून खुळावलेला. तिसरा जे (हे त्याचं नावच), तो थापाड्या. नील डोक्याने जरा हळू आणि त्यामुळेच चौघांत सगळ्यात सुखी. शाळेच्या शूटिंगला रायस्लिप हायस्कूल वापरलं होतं, ते आमच्यापासून लांब नाही. गंमत म्हणजे विल झालेला सायमन बर्ड आणि सायमन झालेला जो टॉमस हे दोघं केंब्रिजचे, तिथल्या फूटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात भेटलेले. सिनेमा आला तेव्हा चारही नट पंचविशीच्या आगेमागे होते आणि तरी अठराचे म्हणून खपले. गबाळी चाल आणि ओघळलेला खांदा यांना वय नसतं.

सिनेमा १७ ऑगस्ट २०११ला, बुधवारी लागला. ए-लेव्हलचा निकाल दुसऱ्या दिवशी, १८ला. ज्याने कोणी हा मुहूर्त काढला त्याला दंडवत. मला तो ऑगस्ट नीट आठवतो. आधीच्याच आठवड्यात लंडनच्या टॉटनमपासून दंगली पेटल्या होत्या, दुकानं फुटली होती, आणि टीव्ही लावावा तर ‘आजकालची तरुण पोरं’ हाच विषय. त्यात पुढच्या वर्षीपासून युनिव्हर्सिटीची वर्षाची फी ३,३७५ पौंडांवरून ९,००० पौंडांपर्यंत जाणार होती, म्हणजे ज्याला स्वस्तात शिकायचं त्याने याच वर्षी प्रवेश मिळवायचा. अशा तापलेल्या दिवसांत साधारण ३५ लाख पौंडांत काढलेल्या या वात्रट सिनेमाने पहिल्या वीकेंडलाच १ कोटी ३० लाखांच्या वर गल्ला जमवला, आणि ब्रिटनमधली त्याची एकूण कमाई साडेचार कोटी पौंडांच्या घरात गेली. आमच्या फार्मसीतल्या मुली पाळीपाळीने जाऊन आल्या आणि आठवडाभर औषधांच्या कपाटामागे फिदीफिदी चाललं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. माझं पोरगं तेव्हा चार वर्षांचं होतं.

गोष्ट दोन ओळींची आहे. शाळा संपते. मिस्टर गिल्बर्ट मुलांना निरोपाचं भाषण देतात, आणि तुम्ही आम्ही आजवर ऐकलेल्या निरोपाच्या भाषणांतलं एकही वाक्य त्यात नाही. (हे काम ग्रेग डेव्हिसचं. तो आधी बरीच वर्षं खराखुरा शिक्षक होता, नाटक शिकवायचा. मुलांना कंटाळलेला मास्तर असा अस्सल मी दुसरा पाहिला नाही.) मग एकेकाला तडाखे. विलचा बाप येऊन सांगतो की मी लग्न केलं, तेही वयाने बऱ्याच लहान बाईशी. कार्ली सायमनला सोडते. जेचे आजोबा वारतात. यावर उतारा म्हणून चौघं एकसारखे गुलाबी टी-शर्ट घालून क्रीट बेटावर मलियाला जातात. टी-शर्टवर काय लिहिलंय तेही विचारू नका.

हॉटेल घाण. नीलला संडासात कमोडशेजारी दुसरं बुटकं भांडं दिसतं. ते बिडे. त्याला वाटतं, ही लहान मुलांची सोय असावी. पुढचं चाणाक्ष वाचकांनी ओळखावं. हा विनोद ब्रिटिश प्रेक्षकाला एकदा लागतो, आपल्याला दोनदा. पाण्याने धुवायची साधी सोय समोर बघून जे राष्ट्र गोंधळतं, त्याने दीडशे वर्षं आपल्याला स्वच्छता शिकवली!

आता अश्लीलपणाबद्दल. आहे, भरपूर आहे, आणि ज्याला तो सोसत नाही त्याने वाटेला जाऊ नये. पण इस्त्री बंद करून मी नीट बघायला लागले तेव्हा ध्यानात आलं की तो जवळजवळ सगळा तोंडात आहे. ही पोरं जेवढं बोलतात त्याच्या शंभराव्या भागाइतकंही काही घडत नाही. जे तर तोंड उघडलं की खोटंच बोलतो. अमुक मुलगी, तमुक मुलगी, दोघी एकदम, हे केलं, ते केलं. बाकीच्या तिघांना ठाऊक असतं की ही थाप आहे. जेला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे. तरी तो थांबत नाही आणि तेही त्याला पुरतं उघडं पाडत नाहीत, कारण मग बोलायचं काय? ‘मला भीती वाटते’, ‘मला एकटं वाटतं’, ‘मला यातलं काही येत नाही’ ही वाक्यं अठराव्या वर्षी पोरांच्या जिभेवर येत नाहीत. शिवी येते. आमच्या घरीही चिरंजीव आणि त्यांचे मित्र खोलीचं दार लावून जे बोलतात ते जिन्यावरून ऐकू येतं, आणि शप्पथ सांगते, त्यातल्या निम्म्या गोष्टी शरीरशास्त्रात बसत नाहीत. फार्मासिस्टच्या घरात राहून!

सिनेमातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र मुका आहे. पहिल्या रात्री एक बाई या चौघांना भुलवून एका बारमध्ये ओढून नेते. आत गेल्यावर कळतं की बार रिकामा. चार मुली तेवढ्या बसल्यात, त्याही असंच फसून आलेल्या. मध्ये चकचकीत फ्लोअर, वर गरगरणारे दिवे, गाणं जोरात आणि नाचायला कुत्रं नाही. मुलींपर्यंत जायचं कसं? तर नाचत. आधी नील निघतो, मग बाकीचे त्याच्या मागोमाग, हातवारे करत, गंभीर चेहऱ्याने, फ्लोअर ओलांडून थेट त्या मुलींपुढे. नाचता कोणालाच येत नाही. कोणी काही बोलत नाही, म्हणून कोणी खोटंही बोलत नाही. मुली आधी बघत राहतात, त्यांना कळत नाही हसावं की पळावं. अख्ख्या सिनेमात ही पोरं एवढी एकदाच आपण आहोत तशी दिसतात आणि तीच तेवढी मुलींना पसंत पडण्यासारखी दिसतात. या एका प्रसंगासाठी मी बाकीचा चावटपणा माफ केला.

दुसरा प्रसंग तिकिटांचा. मलियात एक बोट पार्टी असते, समुद्रात नाच, आणि कार्ली तिथे येणार म्हणून सायमनला काहीही करून जायचंय. खिशात दमडी नाही. म्हणून तो एका मस्तवाल पार्टीवाल्याला आपले सगळे कपडे विकायला काढतो, अंगावरचेसुद्धा, आणि तो इसम कपडे घेऊन पैसे देतच नाही. इकडे जेने गुपचूप चौघांची तिकिटं आधीच काढून ठेवलीयत. मित्रांना चकित करायचं म्हणून. जन्मात पहिल्यांदा हा पोरगा काहीतरी खरं करतो, आणि त्याची बढाई मारत नाही! मग रस्त्यात सायमनचं आणि त्याचं भांडण जुंपतं, अगदी मारामारीवर येतं, आणि जे ती तिकिटं फाडून टाकतो. भांडण वरवर मुलीवरून आहे. खरं दुखणं हे की विल आणि सायमन आता युनिव्हर्सिटीला जाणार, जे आणि नील गावातच राहणार, आणि हे चौघांपैकी कोणालाही तोंडाने म्हणता येत नाही. चार तिकिटं आणि त्यांचे कपटे, एवढ्यात लेखकांनी ते बसवलंय. हुशारीचं लेखन म्हणतात ते हे, मग ते बिडेच्या शेजारी का असेना.

मुलींच्या बाबतीत मात्र मी या सिनेमावर नाराज आहे. त्या चौघी पहिल्यापासून शहाण्या, समजूतदार, क्षमाशील. म्हणजे लिहिणाऱ्यांनी त्यांना गुण सगळे दिले आणि विनोद एकही दिला नाही. त्यांतल्या ल्यूसीकडे बोटीचं तिकीट असतं, ते ती सायमनला देते, कशासाठी तर त्याने दुसऱ्या मुलीमागे जावं. असली सोशिक नायिका आपल्याकडच्या चूलमूल सिनेमांत शोभली असती. त्याहून खटकते ती जेनची बाजू. जेन अंगाने जाड आहे आणि तिला जे मनापासून आवडतो. त्यालाही ती आवडते, पण लोक हसतील म्हणून तो कच खातो, आणि ती दुखावून निघून जाते. सिनेमा म्हणतो, बघा जे कसा चुकला. बरोबर. पण त्याआधी जेनच्या अंगावरून प्रेक्षकाला हसवून झालेलं असतं ते कोणी? दोन्ही डगरींवर हात. काउंटरवर वजनाच्या गोळ्या मागायला सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात आणि मला त्यांना नाही म्हणावं लागतं, म्हणून असेल, हा भाग मला गिळता आला नाही. बरं वाटलं ते एका गोष्टीचं. चौघींतल्या लिसाचं काम करणाऱ्या जेसिका नॅपेटने पुढे २०१३मध्ये त्याच ई-फोरवर स्वतः लिहिलेली ‘ड्रिफ्टर्स’ ही मालिका आणली, मैत्रिणींच्या फजितीची, आणि तिच्यात जेन झालेली लिडिया रोझ ब्यूलीही होती. विनोद मिळाले नाहीत, तर त्यांनी आपले आपण केले.

ग्रीक माणसं सिनेमात नावाला आहेत. बरंचसं शूटिंग तर मागालुफमध्येच झालं, म्हणजे क्रीटच्या नावावर मायोर्का खपवलाय. प्रेक्षकाला तरी कुठे फरक पडतो? दोन्हीकडे तोच निऑनचा रस्ता, तेच इंग्लिश ब्रेकफास्ट, आणि पहाटे उठून पूलकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवणारी तीच माणसं. खऱ्या मलियात त्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा आहे, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या दफनभूमीत सापडलेलं दोन मधमाश्यांचं सोन्याचं लोलक क्रीटमधल्याच हेराक्लिऑनच्या संग्रहालयात ठेवलंय. फोटोत पाहिलं तरी आपल्या सोनाराला लाज वाटावी असं बारीक काम. चारांपैकी विलला तिथे जायला नक्की आवडलं असतं, आणि बाकीच्या तिघांनी त्याला जाऊ दिलं नसतं. मी घरी हा विषय काढला. “आई, आम्ही हिस्टरी ट्रिपला नाही चाललो.” बरं.

मी फार उपदेश केला नाही. क्वाड बाइकला, त्या चार चाकांच्या मोटारसायकलला, हात लावायचा नाही, एवढी एकच अट घातली. ब्रिटिश सरकार ग्रीसच्या प्रवाससूचनांमध्ये त्याबद्दल मुद्दाम लिहितं आणि प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. जीएचआयसी कार्ड, म्हणजे युरोपात सरकारी दवाखान्यात उपचार मिळवून देणारं ब्रिटिश कार्ड, पाकिटात आहे का ते पाहिलं. सनक्रीम चार दिल्या, प्रत्येकाची वेगळी, आणि तिघांच्या आयांना तसं कळवलं. कंडोमचं पाकीट मीच बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, लिप बामशिवाय. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही, आणि ते बरंच झालं.

नंतर दुसरा भागही पाहिला, २०१४चा, ऑस्ट्रेलियातला. या वेळी दिग्दर्शनही बीस्ली आणि मॉरिस यांचंच. किळस वाढलीय, माया आटलीय. एक गोष्ट मात्र पटली. जे तिथून मित्रांना कळवतो की मी बडा डीजे झालोय, प्रत्यक्षात तो एका क्लबच्या संडासात रखवालदार असतो, आणि ऑस्ट्रेलियात तो आलेला असतो जेनच्या मागे. माणूस तोच, थाप तीच, फक्त आता आतलं दुखणं मोठं झालंय. अमेरिकेत एमटीव्हीने २०१२मध्ये या मालिकेची आपली आवृत्ती काढली होती, ती एका हंगामात बंद पडली. मी तिचे थोडे तुकडे पाहिले. त्यातली पोरं देखणी आहेत, आणि देखण्या पोरांची फजिती बघून कोणाला हसू येणार?

इथे पोरांच्या प्रत्येक टोळक्यात हा एक खेळ असतोच, की आपल्यातला विल कोण, सायमन कोण. चिरंजीवांचा गट बॅगा भरायला आमच्याकडे जमला होता तेव्हा मी चहा देताना सहज विचारलं. चौघंही थिजले, आंटीने हा सिनेमा पाहिलाय हे पचायला त्यांना वेळ लागला. मग कळलं की चौघांतले तिघं स्वतःला सायमन समजतात. जे व्हायला कोणीच तयार नाही. “आणि आमचा?” मी विचारलं. चिरंजीव म्हणाले, “विल, ऑब्व्हियसली.” बाकीच्यांनी एका सुरात सांगितलं, “नील.”

नवरा मागून म्हणाला, “बिडेचं सांगितलंयस ना त्याला?”